दहा माणसं गेली, नावात सातच राहिली

काल भाच्याने एका पॉडकास्टची लिंक पाठवली, "मामा ऐक, पुण्याचे सिरीयल किलर, भारी केलंय". ओटा आवरता आवरता ऐकलं. मागे ढ्यांव ढ्यांव म्युझिक आणि दर दोन मिनिटांनी "मास्टरमाइंड जक्कल". कसला डोंबलाचा मास्टरमाइंड! टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी पोरं, दारू, मोटारसायकलच्या चोऱ्या, हातात पैसा हवा पण कष्ट नकोत. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा. त्यांना सिरीयल किलर म्हणायचं की दरोडेखोर यावर कमेंटमध्ये लोक हिरीरीने भांडत होते, भांडोत बापडे.

मला खटकलं ते वेगळंच. ती केस आपण सगळे कुठल्या नावाने ओळखतो? जोशी-अभ्यंकर. जानेवारी ७६ ते मार्च ७७ या काळात दहा माणसं मारली त्यांनी. आता मोजा. विजयनगर कॉलनीतले जोशी, नवरा-बायको आणि मुलगा, तीन. भांडारकर रोडच्या 'स्मृती' बंगल्यातले अभ्यंकर, आजी-आजोबा आणि नात-नातू, चार. झाले सात. मग उरलेले तिघं?

पहिला प्रकाश हेगडे. यांच्याच वर्गातला मुलगा, वडिलांचं कॉलेजच्या मागेच हॉटेल. म्हणजे पोरं तिथे चहा प्यायची आणि चहा पिता पिताच गल्ल्याकडे नजर गेली असणार. जानेवारी १९७६ मध्ये त्याला काहीतरी सांगून कर्वे रोडवरच्या जक्कलच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि त्याच्याकडूनच चिठ्ठी लिहून घेतली की मी घर सोडून चाललोय. मग रात्री नायलॉनच्या दोरीने गळा आवळला, लोखंडी पिंपात घातलं आणि पिंप पेशवे पार्कच्या तळ्यात. आणि खंडणीची चिठ्ठी वडिलांना त्यानंतर पाठवली! पोरगा मारून झाल्यावर! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर बाजूला ठेवून दिला होता, कारण त्या पेशवे पार्कात फुलराणीत, त्या छोट्या आगगाडीत, बसण्यासाठी लहानपणी मी किती रडलोय आणि ते तळं कितीदा बघितलंय.

नऊ महिने काहीच नाही. शहर आपलं निवांत. ३१ ऑक्टोबरला जोशींकडे झालं तेव्हा पुणं हादरलं. मधे शंकरशेठ रोडवरच्या एका बंगल्यात शिरले होते, तिथे घरातल्या नोकरांनी झुंज दिली म्हणून पळाले, हे फार कोणी सांगत नाही बघा. आणि मग १ डिसेंबर, रात्री आठच्या सुमाराला अभ्यंकरांकडे बेल वाजली.

काशिनाथशास्त्री अभ्यंकर म्हणजे संस्कृत व्याकरणातलं केवढं मोठं नाव, त्यांचा व्याकरणकोश अभ्यासक आजही वापरतात. वय ८८. त्यांच्याबद्दल सगळे लिहितात आणि लिहायलाच पाहिजे. पण त्या रात्री घरात पाचवं माणूस होतं, सकूबाई वाघ, घरकाम करणाऱ्या, साठीच्या. तीच नायलॉनची दोरी, तोंडात तोच बोळा. पॉडकास्टमध्ये त्यांच्या वाट्याला आले चार शब्द, "आणि घरातली मोलकरीण". नावसुद्धा नाही. जक्कलच्या डोळ्यांवर मात्र पाच मिनिटं.

आईला फोन केला. ती तेव्हा बावीस वर्षांची, सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायची. तिच्याकडून हे किस्से लहानपणापासून ऐकलेत, सात वाजता रस्ते ओस पडायचे, दुकानं लवकर बंद, वाड्याचा दिंडी दरवाजा दिवेलागणीलाच लावून घ्यायचे, जिन्यात पाऊल वाजलं की सगळ्यांचे श्वास अडकायचे. पण काल मी विचारलं, तुमच्याकडे कामाला यायच्या त्या बाईंचं काय? आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "त्या जनता वसाहतीतून यायच्या. आम्ही पाचलाच सोडायचो त्यांना. भांडी तशीच राहिली तरी चालतील म्हणायची तुझी आजी. पण पुढे दोन घरं असायची ना त्यांना, ती उरकून अंधारातच जायच्या पर्वतीला एकट्या. आम्ही मात्र कडी लावून आत."

तिसरा अनिल गोखले. २३ मार्च १९७७. दोनच दिवसांपूर्वी आणीबाणी उठलेली, अख्खा देश इंदिराबाई हरल्याच्या गप्पांत. या मुलाला अलका टॉकीजला भावाला भेटायचं होतं, भाऊ यांच्याच ओळखीतला, जक्कलने गाडीवर लिफ्ट दिली. ओळखीच्या माणसाच्या गाडीवर कोण बसत नाही सांगा. लोखंडी शिडीला बांधून बंडगार्डनजवळ नदीत टाकला, पण यावेळी नदीने ठेवून घेतला नाही, दुसऱ्या दिवशी येरवड्याच्या बाजूला देह वर आला. दोरी तीच, नायलॉनची. एसीपी मधुसूदन हुल्याळकरांच्या टीमने धागा तिथून पकडला, पोरांच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात, मग वर्गमित्रांपैकी कोणी फुटलं आणि हेगडेच्या वेळी त्यांच्यासोबत असलेला सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला. तळ्यातलं पिंप त्यानंतर वर निघालं. म्हणजे हेगडेंचा मुलगा चौदा महिने त्या पाण्याखाली होता आणि वर रविवारची गर्दी, भेळ, फुगे.

पुढचं माहितीच आहे, १९७८ ला फाशीची शिक्षा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघंही येरवड्यात फासावर गेले. फाशी बरोबर की चूक हा वाद मला इथे घालायचाच नाही, कोणाला घालायचा असेल तर स्वतःच्या भिंतीवर घाला.

मला एवढंच म्हणायचंय की जोशी-अभ्यंकर हे नाव तोंडात बसतं, मान्य, पण ते बसलं कारण भीती त्या घरांपर्यंत पोचली तेव्हा आपल्याला ती आपली वाटली. हॉटेलवाल्याचा पोरगा गायब झाला तेव्हा गेला असेल कुठेतरी, येईल परत. सकूबाई तर बंगल्याच्या नावातच विरून गेल्या. हे कोणी मुद्दाम केलं असं नाही म्हणत मी, मीसुद्धा पंचेचाळीस वर्षं तसंच म्हणत आलोय. "जोशी-अभ्यंकर झालं तेव्हा..." अशीच सुरुवात व्हायची आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची.

भाच्याला दहाही नावं टाइप करून पाठवली. त्याचा रिप्लाय आला, "मामा, सकूबाई कोण? ऐकल्याचं आठवत नाहीये."

आणि आईचा रात्री साडेदहाला परत फोन. त्या बाईंचं नाव आठवतंय का म्हणून दुपारपासून डोकं खाजवतेय, आत्याला विचारलं, शेजारच्या काकूंना विचारलं. सगळ्या त्यांना नुसतं "बाई"च म्हणायच्या.