संगीत नाटक आणि पेनड्राइव्ह: परवाच्या कट्ट्यावरचं भांडण

परवा संगीत नाटकाचा प्रयोग सुटल्यावर आम्ही चौघं नेहमीसारखे नाट्यगृहाच्या गेटाबाहेरच्या कठड्यावर बसलो आणि जी जुंपली ती वॉचमनने गेट लावून घेतलं तरी मिटली नव्हती, म्हणून जसं आठवतंय तसं लिहून काढतोय. चौघं म्हणजे मी, मास्तर (गेली कित्येक वर्षं ऑर्गनवर साथ करतात), बंड्या जो एका निर्मात्याकडे व्यवस्थापक आहे, आणि चिऊ, जिला परदेशी म्युझिकल्सचं वेड आहे आणि जी आमच्यात सगळ्यात लहान असून सगळ्यात जास्त वाचते.

सुरुवात मीच केली, कारण मला राहवेना. नाटक कुठलं, संस्था कुठली ते लिहीत नाही. जुनं, गाजलेलं, अर्ध्या प्रेक्षकांना पदं पाठ असलेलं नाटक. दुसऱ्या अंकात नायिका विंगेतून आली आणि तिच्या शेल्याचं टोक फ्लॅटच्या, म्हणजे नेपथ्यातल्या भिंतीच्या, खिळ्यात अडकलं. एवढंसंच. ती वळून सोडवायला लागली आणि तेवढ्यात पदाचं म्युझिक सुरू, कारण ते रेकॉर्डेड, वर साउंडवाल्याने ठरल्या वाक्याला बटण दाबलं. मुखडा गेला. दुसऱ्या ओळीवर ती कशीबशी घुसली आणि पुढचं अख्खं पद पोरगी ट्रॅकच्या मागे धावतेय असंच ऐकू येत होतं. गळा काय सुंदर तिचा! अंतऱ्यात एक जागा, म्हणजे सुरांची लकेर, अशी घेतली की सगळं थिएटर हललं, टाळ्या आल्या, तिला ती जागा पुन्हा घ्यायची होती, मी तिसऱ्या रांगेत होतो, चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं मला, पण ट्रॅक पुढे निघून गेला होता. मग कसलं संगीत नाटक?

बंड्या लगेच, "अरे खिळा ठोकणाऱ्याची चूक, ट्रॅकवर काय राग काढतोस?"

म्हणलं खिळा कुठेही असतो रे, शंभर वर्षांपूर्वीही असेल, प्रश्न असा की खिळा लागल्यावर गायिकेला कोण सांभाळून घेणार.

यावर मास्तर बोलले, आणि ते बोलायला लागले की आम्ही गप्प बसतो. म्हणाले, "विष्णुदास भावे आणि अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या नाटकांत फरक काय, सांग बंड्या. १८४३ ला सांगलीत भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं त्यात गाणं होतंच की, पण गायचा सूत्रधार. पात्रं आपली आपलं काम करायची. अण्णासाहेबांनी १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' लावलं तेव्हा पात्र स्वतः गायला लागलं. सगळी गंमत तिथे आहे. शकुंतलेला वाटेल तेव्हा शकुंतला गाणार. आता तुम्ही ट्रॅक लावता म्हणजे कधी वाटायचं, किती वेळ वाटायचं हे तीन महिन्यांपूर्वी स्टुडिओत ठरलेलं. म्हणजे पुन्हा सूत्रधाराच्या हातात दिलं की गाणं, आणि तो सूत्रधार स्टेजवर पण नाही."

मला हे इतकं पटलं की मी कठड्यावरून उठलोच. आजवर हे असं कुणी सांगितलं नव्हतं मला.

पण बंड्या काही लेचापेचा नाही, आणि त्याचं ऐकायलाच पाहिजे कारण तो रोज ते झेलतो. तो म्हणाला, "ठीक आहे, आता माझं ऐका. दौऱ्यावर निघालो की बसमध्ये जागा मोजून. कलाकार, बॅकस्टेज, मेकअप, कपडेपट. त्यात ऑर्गन, तबला, व्हायोलिन धरलं की तीन माणसं, तीन नाइट म्हणजे प्रयोगाची मानधनं, तीन जेवणं, तीन खाटा. वर ऑर्गन टेम्पोत चढवायचा-उतरवायचा. नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, साउंड, लाइट हे सगळं हाऊसफुल्लला पण तेवढंच आणि अर्ध्या थिएटरला पण तेवढंच. आणि चांगला तबलजी शनिवार-रविवार मोकळा असतो का? त्याच्या मैफली त्याच दिवशी. तुम्ही बालगंधर्वांच्या गप्पा मारता, तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, वा वा, पण त्यांची नाटक कंपनी कर्जात किती बुडाली तेही सांगा ना."

आता यावर उत्तर सोपं नाही. कर्ज झालंच होतं. पण मी म्हणलं की कर्ज तबलजीमुळे झालं असं कुठे आहे, मखमली पडदे, भारी शालू, अत्तरं या सगळ्याचा तो खर्च होता, ऐश्वर्याचा होता. आजही बघ ना, नेपथ्याला फिरता रंगमंच हवा असेल तर निर्माता पैसे उभे करतो, एलईडी पडदा हवा असेल तर करतो, आणि काटकसर करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड तबलजीवर. दिसणाऱ्या गोष्टीला पैसा आहे आणि ऐकू येणाऱ्या गोष्टीला नाही, आणि वर नाव काय तर संगीत नाटक!

चिऊ इतका वेळ मोबाइलमध्ये होती असं वाटत होतं, ती एकदम म्हणाली, "हे भांडण न्यूयॉर्कला ब्रॉडवेच्या थिएटरांत पण झालंय. २००३ च्या मार्चमध्ये. निर्मात्यांना वादक कमी करायचे होते, गरज पडली तर कॉम्प्युटरवरचा ऑर्केस्ट्रा लावू म्हणत होते. वादक संपावर गेले आणि नट, बॅकस्टेजवाले पण त्यांच्या बाजूने उभे राहिले, चार दिवस म्युझिकल्स बंद."

"मग जिंकले का?" बंड्याने विचारलं.

"अर्धे. मोठ्या थिएटरात कमीत कमी २४ ते २६ वादक लागायचे ते १८-१९ वर आले. पण शून्य नाही झाले ना. आणि तिकडे वादकांना चालवणारा कंडक्टर स्टेजसमोर खाली खड्ड्यात असतो, त्याला नट दिसतो, नटाला तो मॉनिटरवर दिसतो. वाक्य लांबलं, टाळ्या लांबल्या, सेट अडकला, तर संगीताचे मधले दोन-चार तुकडे पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, नट तयार झाला की पुढे. तशी सोय लिहूनच ठेवलेली असते."

मास्तर हसले. "आम्ही पण तेच करतो गं पोरी. नट येईपर्यंत ठेका धरून ठेवायचा. आमच्याकडे ते लिहून ठेवलेलं नाही इतकंच."

मग चिऊनेच मला पकडलं. म्हणाली तुम्ही लोक जुन्याचं इतकं करता, पण रात्र रात्र चालणारी ती नाटकं, एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर, गोष्ट गेली वाहून, ते परत आणायचंय का? संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनीच पदं आटोपशीर केली ना, १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून, ते का केलं मग?

खरं आहे. पोरीचं शंभर टक्के खरं आहे आणि मी ते तिथेच कबूल केलं. वन्समोअरने नाटकाचा जीव जातो, मी स्वतः बघितलंय की रडून झाल्यावर नायिका उठून तेच पद परत गाते आणि परत रडते. मला ते नकोच आहे. पण आटोपशीर पद वेगळं आणि साच्यातलं पद वेगळं. १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली' घ्या, त्यात पदं नाटकाच्या मध्ये येत नाहीत, दोन घराण्यांची गायकी हीच तर गोष्ट आहे. खाँसाहेबाच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्या माणसाला ट्रॅकवर गायला लावायची कल्पना तरी करवते का कुणाला? आणि जुनं-नवं असा हा वाद नाहीच. 'घाशीराम कोतवाल' १९७२ चं, ते काही जुन्या अर्थाने संगीत नाटक नाही, ब्राह्मणांची रांगच पडदा होते आणि उघडते, पण ती रांग डुलते ती तिथेच चाललेल्या गाण्या-वाजवण्यावर. ते सगळं पेनड्राइव्हवर टाका, रांग राहील, नाटक जाईल. आणि अलीकडचं 'देवबाभळी' बघा, स्टेजवर दोन बायका, आवली आणि रखुमाई, गाण्यातून भांडतात, गाण्यातून एकमेकींना समजून घेतात, आणि लोकांनी रांगा लावल्या. म्हणजे गाणारं नाटक ऐकायला माणसं आहेत, ती कुठे गेलेली नाहीत.

मास्तरांनी मग एक आठवण सांगितली ती मी इथे मुद्दाम लिहितोय. फार वर्षांपूर्वीचा, लहान गावातला प्रयोग. गायक नटाचे वडील आठवड्यापूर्वी गेलेले, तरी तो उभा राहिला. नाटकात बापाचा निरोप घ्यायचा प्रसंग, त्यावर पद. पहिली ओळ झाली आणि दुसऱ्या ओळीला आवाजच फुटेना. मास्तरांनी डाव्या हाताने षड्ज, म्हणजे सा, धरून ठेवला, दुसरं काही वाजवलं नाही. तबलजीने हात उचलून मांडीवर ठेवले. "किती वेळ गेला माहीत नाही, अर्धा मिनिट असेल, एक असेल, थिएटरात पंख्याचा आवाज येत होता. मी फक्त त्याच्या खांद्याकडे बघत होतो. खांदा वर गेला, म्हणजे श्वास घेतला, म्हणलं आता येतोय, आणि आला. तबलजी बरोबर समेवर."

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. बंड्या पण नाही.

मग मी म्हणलं, बंड्या, माझी मागणी फार नाही. वीस वादक नकोत, व्हायोलिन पण सोड. ऑर्गन आणि तबला, दोन माणसं. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकं करणारी हौशी पोरं नोकऱ्या सांभाळून साथीला माणसं बसवतात, गोव्यात गावोगावच्या मंडळी बसवतात, तर व्यावसायिकवाल्यांनी का नाही. आणि अगदीच जमत नसेल तर निदान जाहिरातीत छापा, "संगीत ध्वनिमुद्रित". मी तिकीट काढतो ते समोर घडणारं ऐकायला, तर काय मिळणार ते मला आधी कळू दे, मग मी ठरवतो यायचं का.

"तेवढं नाही छापता येणार," बंड्या म्हणाला.

"का? दोन शब्द तर आहेत."

"दोन शब्दांचं नाही रे. ते छापलं तर बुकिंग पडेल."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, मीही बघितलं. चिऊ म्हणाली, "म्हणजे लोकांना फरक पडतो हे तुला माहितीये."

बंड्याने उत्तर दिलं नाही. आत टेम्पो लागला होता, फ्लॅट चढवायचे होते, तो उठला आणि जाता जाता मास्तरांना विचारलं, "रविवारी दुपारी काय करताय?"