‘मादी उंदरांना ऑटिझम होत नाही’ हा फॉरवर्ड आणि त्यातला घोळ

सध्या एक मेसेज फिरतोय: ऑटिझमचं जीन घातलेल्या उंदरांत फक्त नर एकलकोंडे होतात, माद्या एकदम नॉर्मल, म्हणजे मुलींना ऑटिझम होत नाही हे सायन्सनेच सिद्ध केलं. ऐकायला झकास आहे.

‘फक्त नर एकलकोंडे’. हे अगदीच हवेतलं नाहीये, मान्य. 2018 साली ऑटिझमशी जोडलेल्या सीएचडी8 नावाच्या जीनमध्ये बदल केलेल्या उंदरांवर पेपर आला आणि वागणं नरांचंच बदललेलं निघालं, पण कसं? पिल्लं आईपासून वेगळी केली की जास्त ओरडायची आणि ती परत भेटली की तिला जास्तच चिकटायची. याला एकलकोंडं म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं. शिवाय हे एका जीनमधल्या एका बदलाचं झालं, ऑटिझमशी जोडलेले जीन शेकड्यांनी आहेत.

‘माद्या नॉर्मल’. त्याच पेपरात माद्यांच्या मेंदूतही बदल सापडले, पेशींना शांत करणारे सिग्नल वाढलेले होते, म्हणजे झालं काहीतरी नक्की, फक्त वागण्यात दिसलं नाही. आणि हे वागणं मोजतात कसं तेही बघा. नेहमीची टेस्ट म्हणजे तीन खणांची पेटी, मधे उंदीर सोडायचा, एका बाजूला जाळीच्या कपाखाली अनोळखी उंदीर, दुसरीकडे रिकामा कप, दहा मिनिटं. असे व्हिडिओ मी स्टॉपवॉच घेऊन मोजलेत, नाक जाळीला लागलं की चालू, वळलं की बंद, आणि उंदीर कपावरच चढून बसला तर ते सोशल धरायचं का यावर आमची भांडणं व्हायची. रिकाम्या कपापेक्षा भरलेल्या कपापाशी जास्त सेकंद गेले की झाला नॉर्मल, बास.

आकड्यांचा घोळ वेगळाच. पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता, ती 0.05 च्या खाली आली की फरक आहे असं धरतात. समजा नरांत ती 0.03 आली, माद्यांत 0.08, की लगेच ‘फक्त नरांमध्ये फरक’! अहो, नर-मादी फरक सांगायचा तर दोन्ही गट एकमेकांशी थेट ताडून बघायला नकोत का? 2011 मध्ये न्यूरोसायन्सचे पेपर तपासले तेव्हा ही चूक होऊ शकत होती अशा 157 पैकी 79 पेपरांत ती झालेली निघाली.

बरं, माद्या घेतल्या जातात का मुळात? 2011 च्याच दुसऱ्या पाहणीत न्यूरोसायन्सच्या एकाच लिंगावरच्या अभ्यासांत एका मादीवाल्यामागे साडेपाच नरवाले होते. कारण काय, तर म्हणे माद्यांच्या हार्मोन सायकलमुळे डेटा हलतो, आकडे फार वरखाली होतात. 2014 मध्ये 293 पेपर एकत्र करून बघितलं, तर माद्यांचा डेटा नरांपेक्षा जास्त हलत नाही.

फ्रॅजाइल एक्स या ऑटिझमशी जोडलेल्या आनुवंशिक आजाराचं तर जीनच एक्स क्रोमोसोमवर. नराकडे एकच कॉपी, ती गेली की संपलं, मादीची एक गेली तरी दुसरी शाबूत असते. तिथे फरक दिसला तर नवल काय?

आणि उंदरांवरून थेट ‘मुलींना होत नाही’? माणसांमधले अभ्यास एकत्र केले तेव्हा, 2017 मध्ये, प्रमाण निघालं साधारण तीन मुलांमागे एक मुलगी.