बाळ पितंय, गाडी थांबू दे

तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच विमानाने निघालेली कुठलीही मैत्रीण मला एकच प्रश्न विचारते. विमानात पाजायचं कसं गं? शेजारी कोण येऊन बसेल, आजूबाजूचे बघतील का, बाळ किंचाळलं तर काय करायचं? माझं उत्तर तिला धीर द्यायला दिलेलं वाटतं, पण ते अगदी खरं आहे. अख्ख्या सहलीत बाळाला अंगावर पाजायला विमानाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. बसायला जागा, पाठीला टेकू, आणि मुख्य म्हणजे तिथे "झालं का गं?" असं कोणी विचारत नाही. कुणाला कुठे जायचंच नसतं ना. पायलट उतरवेल तेव्हा सगळे उतरणार, पाजणारीही आणि न पाजणारेही.

अडचण सुरू होते ती बाहेर टेम्पो ट्रॅव्हलर उभी असते तिथे.

पण विमानाचं आधी उरकून घेते, कारण विचारणाऱ्यांना तेवढंच हवं असतं. खिडकीची सीट घ्या आणि मधली नवऱ्याला द्या. कडेची सीट ऐसपैस वाटते, पण तिथे बाळाचे पाय वाटेत येतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला धक्का देऊन जातो. बाळ सोबत असलं की आधी आत सोडतात, त्या मानाला भुलू नका. नवऱ्याला बॅगा घेऊन पुढे पाठवा आणि तुम्ही सगळ्यात शेवटी चढा. अरुंद सीटवर काढायचा वेळ जितका कमी, तितकं बरं.

आता कान. विमान वर असताना आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. खाली यायला लागलं की तो वाढत जातो आणि कानाला दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दडे सुटतात. बाळाला हे सांगता येत नाही म्हणून त्याला प्यायला घ्यायचं, घोटाघोटाला तेच काम आपोआप होतं. चढताना होतो त्यापेक्षा उतरताना त्रास जास्त होतो, आणि उतरणं चाकं टेकायच्या साधारण अर्धा तास आधी सुरू झालेलं असतं.

मुंबईहून निघताना वेगळीच गंमत. विमान गेटवरून हललं की नवी आई घाईघाईने बाळाला ओढणीखाली घेते. पुढे धावपट्टीसाठी रांग. विमान रांगत राहतं, बाळाचं पोट भरतं, ते झोपून जातं, आणि खरंच उडायची वेळ येते तेव्हा तोंड उघडायला तयार नसतं. विमान धावपट्टीच्या तोंडाशी येईपर्यंत दम धरा. आणि झोपलंच असेल तर झोपू द्या, कान दुखला तर ते स्वतःच उठून सांगेल. सर्दी झाली असेल किंवा कान आधीच दुखत असेल, तर मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. त्यात बाळ ओढायला लागलं की आईच्या घशाला जी कोरड पडते ती पाजलेल्या बाईलाच ठाऊक. दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून पाण्याचा ग्लास तोंडाशी धरणं हे नवऱ्याचं काम. माझ्या नवऱ्याने ते मनापासून केलं, अर्धा ग्लास माझ्या कुर्त्यावर सांडून.

शेजारच्यांचं म्हणाल, तर आमच्या कोचीच्या विमानात पलीकडच्या रांगेत एक मध्यमवयीन गृहस्थ होते. बाळाने पाय झाडून मोजा उडवला, तो त्यांच्या बुटाजवळ जाऊन पडला. त्यांनी तो उचलला, माझ्या नवऱ्याच्या हातात दिला आणि पुन्हा पेपर उघडला. एवढंच. सगळेच असे नसतात हे मान्य, पण ज्या नजरांच्या भीतीने आपण महिनाभर झोप घालवतो, त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्यात काडीचाही रस नसतो.

तर ती टेम्पो ट्रॅव्हलर. कोचीहून मुन्नार सव्वाशे-एक किलोमीटर, पण घाट असल्याने चार तास सहज जातात. गाडीत सासू-सासरे, दीर-जाऊबाई, त्यांची मुलं, आत्या आणि आम्ही. माझा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा. या वयाचं बाळ दोन-तीन तासांनी पितं आणि एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं तरी घेतं. यात नवल काहीच नाही, गाडीतल्या सगळ्या बायकांनी हे केलेलं होतं. तरीही ठरवलेल्या कार्यक्रमात धबधबा होता, मसाल्याची बाग होती, हत्ती होते, चहाचा मळा होता. बाळाचं पिणं कुठेच नव्हतं. ते "मधेच कधीतरी होईल" या सदरात होतं.

"घे की मांडीवर, गाडीतच पाज," हा सगळ्यांचा आवडता सल्ला. चालत्या गाडीत, घाटात, मांडीवरच्या बाळाला पाजायचं नसतं. वळणावर कचकन ब्रेक लागला तर ते हातात राहत नाही, तुम्ही कितीही घट्ट धरा. म्हणजे गाडी थांबायला हवी. आणि गाडी थांबवणं ही आपल्याकडे फक्त तिघांची सत्ता असते: ड्रायव्हर, गाडी ठरवणारा आणि घरातले वडीलधारे.

चीयप्पारा धबधब्यापाशी सगळे फोटो काढायला उतरले. मी मागच्या सीटवर बसले आणि बाळाला घेतलं. एक बाजू झाली, ढेकर काढला, दुसऱ्या बाजूला लावलं, त्याची लय लागली, डोळे अर्धे मिटले. तेवढ्यात दार सरकलं. "चला चला, पुढचं बंद होईल." गाडी हलणार म्हणून मी करंगळी त्याच्या तोंडात घालून त्याला सोडवलं. पान्हा तर फुटलेला, तो थोडाच "पुढचं बंद होईल" म्हणून थांबतो? कुर्ता भिजला, बाळाने टाहो फोडला आणि पुढच्या सीटवरून आत्या म्हणाल्या, "आत्ताच तर पाजलंस ना?"

त्याच प्रवासात चहाला अर्धा तास गेला होता. साड्यांच्या दुकानात किती गेला ते लिहीत नाही, जाऊबाई ही पोस्ट वाचतात. त्याला कुणी उशीर म्हटलं नाही.

हे फक्त माझ्या चिडचिडीपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण एखादं पाजणं हुकलं, दुसरं अर्धवट राहिलं की संध्याकाळपर्यंत छाती भरून दगडासारखी होते. गाठ येते, तिथे लाल होतं, आणि वेळीच दूध मोकळं झालं नाही तर थंडी वाजून ताप भरतो. सहलीत आणि लग्नघरात बायकांना हे हमखास होतं, कारण दिवसभर बाळ या हातातून त्या हातात फिरत असतं आणि आईला ते मिळतच नाही. नव्या जागा, नवे चेहरे, बाळाचंही दिवसा पिण्यात लक्ष लागत नाही. मग ते रात्री सगळी कसर भरून काढतं. सकाळी चहावर चर्चा: "रात्रभर कुरकुरत होता, दूध पुरत नसेल. वरचं सुरू कर." दूध होतं हो, वेळ नव्हता. पाजणं जितकं कमी, तितकं दूधही कमी तयार होतं, म्हणजे ते न पुरण्याची व्यवस्था आपणच करतो.

त्यातलाच एक प्रकार म्हणजे पाणी. "एवढ्या उन्हात त्याला घोटभर पाणी तरी दे," "शहाळ्याचं दोन चमचे दे." सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तुमचे-आमचे डॉक्टरही सांगतात. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. ऊन असलं तर बाळाला जास्त वेळा घ्यायचं. म्हणजे पुन्हा वेळच.

"मग पंप करून बाटलीत घे ना सोबत." घेते ना. पंप करायलाही वीस मिनिटं लागतात आणि तोही चालत्या गाडीत होत नाही. काढलेलं दूध नेहमीच्या खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं, बर्फाच्या पाकिटांसोबत थंड पिशवीत दिवसभर. नंतर बाटली धुवा, उकळा, हॉटेलच्या किटलीत पाणी गरम करा. हे सगळं करणारी मीच. वेळ वाचला तो बाकीच्यांचा.

आपल्याकडे या विषयावर जे काही होतं, ते आडोशापाशी येऊन थांबतं. एसटी स्टँडवर, सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष झाले. विमानतळांवर बाळांच्या खोल्या झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी पाजणाऱ्या आईला हिणवलं जाऊ नये आणि तिच्यासाठी जागा असावी. हे सगळं हवंच. आणि जागा नुसती असूनही भागत नाही. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा केवढं कौतुक झालं. पुढच्या मुंबईच्या अधिवेशनात हिरकणी कक्षातल्या धुळीची तक्रार त्यांनाच करावी लागली. आमदाराची ही गत, तर तालुक्याच्या स्टँडवर किल्ली कुणाकडे आहे हे शोधणाऱ्या बाईचं काय होत असेल?

पण मला हिरकणीचं नाव त्या दारावर वाचलं की वेगळंच काहीतरी खटकतं. गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कोजागिरीचा दिवस, दूध विकायला रायगडावर गेलेली बाई, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी भुकेलं तान्हं, आणि कडा उतरून गेलेली आई. तिची अडचण आडोशाची होती का? दरवाजे त्यांच्या वेळेला बंद झाले आणि बाळाची वेळ झाली होती, एवढीच तिची अडचण होती. आपण बुरुजाला तिचं नाव दिलं, खोलीला दिलं, तिच्या धाडसाचे धडे मुलांना शिकवले. एसटी आजही दहा मिनिटं थांबते आणि कंडक्टर डबल बेल देतो.

आडोसा तर आम्ही बायका कुठेही करतो. साडी असेल तर पदर, ड्रेस असेल तर ओढणी, हल्ली पुढून चेन लपवलेले कुर्ते मिळतात. बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की ते ओढणी खेचून फेकतं ही गोष्ट वेगळी. "आत जाऊन पाज" यातही मला तेच दिसतं. कॉटेजच्या आतल्या खोलीत बसून बाहेरच्या भेंड्यांचा गलका ऐकायचा, ताटातली भाजी निवायची, आणि बाहेर आलं की, "अगं, तू होतीस कुठे?" आपली सून चारचौघांत पाजू शकते हे सासूबाईंना पटायला थोडे दिवस लागले, पण पटलं. सासरे चष्मा पुसायला घ्यायचे. मग तेही बंद झालं.

मुन्नारजवळ एरविकुलम राष्ट्रीय उद्यान आहे, नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांसाठी प्रसिद्ध. त्यांच्या विणीच्या काळात, दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते पर्यटकांसाठी बंद ठेवतात. आया आणि पिल्लांना त्रास नको म्हणून. गाइडने हे सांगितल्यावर गाडीतल्या सगळ्यांनी "वा, किती छान" म्हटलं. मी मागच्या सीटवर बाळाला पाजायला घेत होते आणि इंजिन सुरू होतं.

रात्री नवऱ्याशी नीट भांडले. तो म्हणाला, "तू बोलायचंस ना, थांबवली असती." मुद्दा तोच आहे की मी का बोलायचं? चहाची तल्लफ आली की कुणाला परवानगी मागावी लागते का? पाजणाऱ्या बाईने दर खेपेला "सॉरी हं, जरा थांबाल का" म्हणायचं आणि बाकीच्यांनी मोठ्या मनाने थांबायचं, हा उपकार मला नको. गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला सांगायचं की दर दोन-अडीच तासांनी अर्धा तास थांबायचंय, वेटिंगचे जे काय होतील ते धरून भाडं सांग. हे सांगायचं नवऱ्याने, आणि गाडीत बसल्यावर सगळ्यांच्या देखत. दिवसाला दोन ठिकाणं पुरेत. उरलेली यूट्यूबवर आहेत.

या हिशेबाने आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. कुंभार्ली घाटाच्या अलीकडे ठरल्याप्रमाणे एका हॉटेलपाशी गाडी थांबली. मी खुर्ची भिंतीकडे ओढून बाळाला घेतलं. दीर घड्याळ बघून कुरकुरला, "अशाने उशीर होईल."

सासऱ्यांनी विचारलं, "कशाला?"

त्याला काही सुचेना. मग त्याने सगळ्यांसाठी मिसळ सांगितली, आणि माझ्यासाठी एक पाण्याची बाटली आणून झाकण उघडून ठेवली.