काका, आंबा सावली देतो हे मान्य, पण…

काका, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा राग आला, खोटं कशाला सांगू, दुसऱ्यांदा वाचताना मात्र हसू आलं, कारण "फळझाड लावलं की सावली फुकट मिळते आणि सावलीचं झाड लावलं की फक्त झाडणं मिळतं" हे वाक्य आमच्या आईला इतकं आवडलंय की काल सकाळी अंगण झाडताना ती मला ऐकवून ऐकवून म्हणत होती.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की सोलापूरसारख्या गावात दोन-तीन गुंठ्याच्या प्लॉटवर एकच मोठं झाड लावायची जागा असेल तर आंबा लावू नका, कडुनिंब किंवा करंज लावा. त्यावर काकांचं म्हणणं असं की हा शहरी शहाणपणा आहे, त्यांच्या आजोबांच्या आंब्याखाली अख्ख्या लग्नाची पंगत बसायची आणि वर आंबेही खायला मिळायचे, कडुनिंबाने त्यांच्या कंपाउंडची भिंत फोडली, आणि बाजारात आंब्याचा डझन कितीला पडतो ते आधी बघा आणि कडुनिंब तोडून टाका.

आधी जिथे माझं चुकलंय ते सांगतो. घरापासून दहा फूट अंतर कडुनिंबाला पुरतं असं मी लिहिलं होतं, ते कमीच आहे. झाड लहान असताना ते अंतर भरपूर वाटतं आणि पंधरा वर्षांनी कळतं. पाया आणि भिंत यांच्यापासून निदान पंधरा फूट सोडा, पाण्याच्या टाकीपासून आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून तर त्याहून लांब. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. तुमची भिंत आठ फुटांवरच्या झाडाने फोडली यात मला काहीच आश्चर्य वाटलं नाही.

आता भांडणाचा मुद्दा. तुमच्या आजोबांचा आंबा रायवळ होता ना? कोयीपासून उगवलेला, शेताच्या बांधावर, चारी बाजूंनी मोकळा, साठ-सत्तर वर्षांचा. त्याला कुणी छाटलं नाही, औषध मारलं नाही, आला मोहोर तर आला. तसल्या झाडाला सावली असतेच की हो, कोण नाही म्हणतंय. पण आज आपण नर्सरीतून पिशवीत आणतो ते कलम असतं, आणि कलमाचा सगळा स्वभावच वेगळा. ते दोन-अडीच फुटांवरच फांद्या फोडतं, चौथ्या-पाचव्या वर्षी फळाला येतं आणि फळ हवं असेल तर त्याला बुटकं आणि मधे मोकळं ठेवावं लागतं, म्हणजे आंबे उतरवून झाले की जूनमध्ये मधल्या फांद्या काढायच्या, आतपर्यंत ऊन गेलं पाहिजे. सावलीच्या झाडाला नेमकं उलटं हवं असतं, खाली दहा फूट नुसतं खोड, वर घट्ट बंद डोकं आणि त्याला हात न लावणं. मी जे सांगत होतो ते एवढंच. एकाच झाडाला तुम्ही आत ऊन येऊ दे पण म्हणता आणि ऊन येऊ नको देऊस पण म्हणता, त्याने करावं काय?

हे मी पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही, माझ्याच घरी फसलेला प्रयोग आहे. २००८ साली घर बांधलं तेव्हा मीही तुमच्यासारखाच हिशोब केला होता. पश्चिमेच्या भिंतीला ऊन लागतं ना, तिथे केसरचं कलम लावू, आंबे पण आणि गारवा पण. हापूस नाही लावला, कारण तो कोकणाबाहेर रुसतो आणि एक वर्षाआड फळतो, केसर आमच्या हवेत त्या मानाने बरा. झाड छान आलं, आंबे पण आले. पण सोळा वर्षांनीसुद्धा ते चौदा फुटांच्या वर नाही, कारण मी जाऊच देत नाही, वर गेलं तर फवारणार कोण आणि आंबे उतरवणार कोण.

आणि त्याच भिंतीच्या वायव्य कोपऱ्यात, कंपाउंडला लागून, २०११ च्या सुमाराला एक कडुनिंब आपोआप उगवला. कुणी लावला नाही, बुलबुलाने नाहीतर कोकिळेने निंबोळी खाऊन बी टाकलं असणार. पहिली दोन वर्षं बायकोच्या कपडे धुतलेल्या पाण्यावर जगला, नंतर त्याला तांब्याभर पाणीसुद्धा कुणी घातलेलं नाही. आज टेरेसच्या वर गेलाय.

मे महिन्यात या काका एकदा, पारा ४२-४३ ला असताना, संध्याकाळी पाच वाजता. त्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून चालत जा. कडुनिंबाच्या बाजूला हात टेकवून उभं राहता येतं. केसरच्या मागे कमरेपर्यंत ठीक, आणि खांद्याच्या वर हात नेला की तव्यासारखी भिंत. आतल्या बाजूला नेमकी तिथेच मुलीची खोली आहे आणि कूलर रात्री बारापर्यंत चालू.

यात दिशेचा पण भाग आहे, तो मूळ लेखात राहूनच गेला. सोलापूरला साधारण १० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा आपलं घर तापतं ते छत. भिंती तापतात त्या दुपारी तीननंतर, आणि उन्हाळ्यात सूर्य नुसता पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणून उंच झाड हवं पश्चिम-वायव्येला. दक्षिणेला लावलं तर मे महिन्यात त्याचा घराला जवळपास उपयोग नाही आणि डिसेंबरात हवं असलेलं ऊन मात्र अडवतं. आंबा तर बारा महिने हिरवागार, थंडीतही ऊन अडवणारच. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, पाडव्याला गुढीला बांधायची ती कोवळी तांबूस पालवी आली की एप्रिलच्या मध्यापर्यंत डोकं भरलेलं, म्हणजे ऊन कडक व्हायच्या आत छत्री तयार.

झाडण्याबद्दल. हो, झाडावं लागतं. मार्चमध्ये रोज पाटीभर पानं आणि जून-जुलैत निंबोळ्या, त्या चिकट असतात, चपलेला लागून घरात येतात, आई त्यावरून रोज बोलते. पण आंब्याखाली काय कमी असतं? मोहोराच्या दिवसांत तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आले की झाडावरून चिकटा गळतो. मी जानेवारीत स्कूटर तिथे लावायचो, सकाळी सीटवर हात ठेवला की गुळाच्या पाकासारखं काहीतरी, त्यावर धूळ बसायची, आणि पानांवर नंतर काळी काजळी धरते ती वेगळीच. कडुनिंबाचं पान खड्ड्यात टाकलं की लवकर कुजतं, आंब्याचं पान वर्षभर तसंच चामड्यासारखं पडून राहतं.

डझनाच्या भावाचं म्हणाल तर मान्य, स्वतःच्या झाडाचा आंबा म्हणजे आनंदच वेगळा, त्याला भावात मोजूही नये. पण मोजायचंच म्हटलं तर सगळं मोजा. मोहोरावर भुरी (पांढरी बुरशी) आणि तुडतुड्यांसाठी फवारणी, फळमाशीसाठी दापोली विद्यापीठाचा तो रक्षक सापळा, कैरी वाटाण्याएवढी झाली की नेमकं उन्हाळ्यात पाणी, आणि आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एवढं करून मागच्या वर्षी दीडशेच्या आसपास आंबे आले आणि ते सगळे आठ-दहा दिवसांत पिकले, अर्धी गल्ली आंबे खात होती. यंदा चाळीसही नाहीत.

आणि कडुनिंब काहीच देत नाही असं कसं म्हणता तुम्ही, शेतकरी माणूस असून? पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, गाळून शंभर लिटर पाणी केलं की ५ टक्के निंबोळी अर्क झाला. मी अर्धा किलोचा दहा लिटर करतो. गंमत बघा, केसरवरच्या तुडतुड्यांना मी तोच मारतो. म्हणजे आंब्याचं औषध कडुनिंबाकडे.

तोडून टाका म्हणालात ते मात्र कुणी मनावर घेऊ नका. शहरात झाड आपल्या अंगणातलं असलं तरी १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून तर लावतानाच विचार करा म्हणतो.

एका बाबतीत तुमची बाजू घेतो. फळ आणि सावली दोन्ही एकाच झाडात हवंच असेल तर जांभूळ आहे. उंच जातं, वर्षभर हिरवं, आणि छाटलं नाही तरी फळतं. फक्त खाली फरशी, गाडी, धुतलेले कपडे यातलं काही नको, तो जांभळा डाग जन्मात जात नाही. मूळ लेखात जांभळाचं नावही नव्हतं, ती चूकच.

आता माझं एक काम आहे तुमच्याकडे. आजोबांचा तो आंबा अजून उभा आहे असं तुम्ही लिहिलंय आणि एक फांदी वाळली असंही. त्याची कोय लावून उपयोग नाही, आपल्याकडच्या रायवळच्या कोयीतून आईसारखंच झाड येईल याचा भरवसा नसतो. कलम बांधायला त्याच झाडाच्या फांदीची काडी लागेल. तुम्ही असं करा, त्याच्या किंवा कुठल्याही आंब्याच्या कोयी खाल्ल्या खाल्ल्या पंधरा दिवसांच्या आत पिशव्यांत लावून ठेवा, जास्त वाळल्या की उगवत नाहीत. पाऊस लागला आणि हवेत ओल आली की त्या रोपांवर आजोबांच्या झाडाची काडी बांधू, पाचर कलम (काडी पाचरीसारखी तासून रोपाच्या चिरेत बसवायची) मला येतं, दहातली सहा-सात तरी जगतात. काडी मात्र त्या वाळक्या फांदीच्या बाजूची नको, पेन्सिलीएवढी जाड, शेंड्याचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी. एक रोप मला द्या. माझ्याकडे जागा नाही, पण मेव्हण्याच्या शेतात बांधावर लावतो, तिथे त्याला कुणी छाटणार नाही.