‘१०० डिग्री नॉर्मल आहे’ म्हणणाऱ्यांनो, जरा वॉट पण बघा

एक सल्ला सगळीकडे फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. नवीन प्रीबिल्ट (कंपनीनेच जोडून दिलेल्या) पीसीचा प्रोसेसर १०० डिग्रीला जातोय? टेन्शन घेऊ नका, आजकालचे प्रोसेसर त्यासाठीच बनवलेले असतात, कंपनी टेस्ट करूनच पाठवते, कूलर (प्रोसेसरवर बसणारा धातूचा हीटसिंक आणि त्याचा पंखा) नीट बसला नसता तर पीसी चालूच झाला नसता, आणि फारच वाटलं तर भरपूर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लागतं ते मलम) लावा पण कूलर काढू नका, वॉरंटी जाते. आता कूलर न काढता पेस्ट नेमकी कुठून लावायची ते लिहिणाऱ्यालाच विचारा, पण बाकीचे मुद्दे एकेक करून बघू.

पहिला मुद्दा, १०० डिग्री नॉर्मल. हे अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० प्रोसेसरच्या वरच्या मॉडेल्सनी फुल लोडला ९५ डिग्री गाठणं एएमडीनेच धरलेलं आहे, आणि इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० आहे हेही बरोबर. पण तिथे पोचला तेव्हा प्रोसेसर किती वॉट ओढत होता हे कोणी सांगतच नाही. इंटेलचा आय९ १३९००के २५० वॉट ओढून १०० ला टेकला तर कूलर कितीही नीट बसवलेला असू दे, होऊ शकतं. तेच ६५ वॉटवाला साधा प्रोसेसर जेमतेम ६०-७० वॉटवर १०० ला जात असेल तर त्याला नॉर्मल म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात पॅकेज पॉवर (प्रोसेसर ओढतोय ते वॉट) आणि तापमान दोन्ही दिसतं, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट) लावा आणि दोन्ही आकडे एकत्र बघा.

अजून एक गोष्ट बघायची, तापमान किती वेगाने चढतं. कूलर नीट टेकलेला असेल तर सुरुवातीला एक उडी मारतं आणि मग हळूहळू वर सरकत राहतं, कारण तेवढं सगळं धातू तापायला वेळ लागतो. कूलर टेकलेलाच नसेल तर लोड आला की एक-दोन सेकंदात थेट मर्यादेवर, आणि लोड काढला की तितक्याच वेगाने खाली. अशा वेळी हीटसिंकच्या पात्यांना (पंख्यापासून बोटं लांब ठेवून) हात लावा, आत १०० डिग्री आणि पाती मात्र गार, म्हणजे उष्णता वरपर्यंत येतच नाहीये. पंखा बंद असेल किंवा धूळ साचली असेल तर उलटं होतं, पाती चांगलीच तापतात आणि तापमान सावकाश चढतं. लिक्विड कूलर असेल तर आधी पंप फिरतोय का ते बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) बघून घ्या.

दुसरा, कंपनी टेस्ट करते. करत असेल ना, पण टेस्ट झाल्यावर तो बॉक्स ट्रकमधून आदळत-आपटत येतो त्याचं काय? मोठा टॉवर कूलर बोर्डावर आडवा लटकलेला असतो, धक्क्यांनी हलू शकतो. इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरला प्लास्टिकच्या चार पुश-पिना असतात, त्यातली एक अर्धवट बसली तरी वरून बघताना सगळं ठीकच वाटतं. आणि कूलरच्या तळावरचं प्लास्टिकचं कव्हर न काढताच बसवून टाकणं, हा प्रकार तर इतका जुना आहे की आता हसूही येत नाही.

तिसरा, चालूच झाला नसता. का नसता? प्रोसेसर तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, त्यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने चालू मशीनवरून हीटसिंकच काढून दाखवला होता, त्यात एएमडीचा तेव्हाचा अ‍ॅथलॉन जळाला आणि इंटेलचा पेंटियम ४ स्पीड पाडून चालत राहिला. आज सगळेच प्रोसेसर असा बचाव करतात, त्यामुळे विंडोज उघडतं, ब्राउझर चालतो, गेमसुद्धा चालतो, फक्त तुम्ही पैसे मोजले तेवढा स्पीड मिळत नाही. आणि लोक ग्राफिक्स कार्डला शिव्या घालत बसतात.

चौथा, भरपूर पेस्ट. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरणं एवढंच. तांब्याची उष्णतावाहकता (वॉट प्रति मीटर-केल्विनमध्ये) ४०० च्या आसपास, चांगल्या पेस्टची साधारण ५ ते १०. म्हणजे धातू धातूला जितका जवळ तितकं बरं, पेस्टचा थर जाड झाला की उलट अडथळा. एक कोपरा उचललेला असेल तर तिथे अख्खी ट्यूब ओतून उपयोग नाही, लागतो तो दाब.

राहिली वॉरंटी. सगळ्या कंपन्यांचे नियम सारखे नसतात, कागद वाचा, पण आधी तक्रार करा एवढं मात्र मानतो. आकड्यांचे स्क्रीनशॉट आणि पात्यांना हात लावतानाचा व्हिडिओ पाठवा, म्हणजे ‘विंडोज परत टाकून बघा’ हे उत्तर द्यायला त्यांना जड जाईल. स्वतः काढायची परवानगी असेल तर एएम४ वाल्यांनी (एएमडीचे खाली पिना असलेले प्रोसेसर बसतात तो सॉकेट) आधी पीसी थोडा वेळ लोडवर चालवून पेस्ट मऊ करून घ्या, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हळूच फिरवून सुटा करा, सरळ ओढलात तर प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून बाहेर येतो. जुनी पेस्ट पुसायच्या आधी तिचा ठसा बघा आणि फोटो काढा, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे जवळपास काहीच नाही असं असेल तर कूलर तिरका बसला होता. मग पुसून मटाराएवढी नवीन पेस्ट, आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. पंख्याची वायर सीपीयू फॅनवाल्या पिनांवर परत लावा, मग तीच सिनेबेंच टेस्ट परत चालवा आणि आधीच्या वॉट-डिग्रीशी ताडून बघा.