'फ्रीहँडला बाजाराने नाकारलं' असं लिहिणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

ॲडोबीने मॅक्रोमीडिया ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली आणि तिचं फ्रीहँड हे चित्रं-आराखडे काढायचं सॉफ्टवेअर बंद केलं, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख म्हणजे रडगाणं आहे, पैसे मोजून घेतलेल्या कंपनीचं काय करायचं हा घेणाऱ्याचा प्रश्न, फ्रीहँडला बाजाराने नाकारलं म्हणून ते संपलं, ॲडोबी फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर घेणार होती तो सौदा अडवून कुणाचं भलं झालं, आणि 'जुन्या डीटीपीवाल्यांना (म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडणाऱ्यांना) नवीन काही शिकायलाच नको असतं'.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते लागलं. मतभेद असू द्या. पण ज्याला तुम्ही कधी पाहिलेलं नाही त्याला आळशी ठरवायचं, तेही टोपणनावाआड बसून, ही कुठली रीत? मी या धंद्यात आलो तेव्हा ब्रोमाइडच्या पट्ट्या कटरने कापून रबर सोल्युशनने चिकटवत होतो. मग पेजमेकर शिकलो, क्वार्क शिकलो, कोरल, फ्रीहँड, इलस्ट्रेटर, इनडिझाइन. श्री-लिपी बोटांत भिनली होती तेव्हा युनिकोड आलं, तेही शिकलो. आज फिग्मावर काम करतो आणि पोरांना शिकवतोही. दिवाळी अंकांच्या दिवसांत नारायण पेठेत, शनिवार पेठेत रात्र रात्र मशीनपुढे बसणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. 'डीटीपीवाले' म्हणून ज्यांना तुम्ही एका ओळीत झटकून टाकलंत, त्यांच्या जिवावर इथली छपाई कित्येक वर्षं उभी होती. त्यांच्याबद्दल बोलताना जरा सांभाळून बोला.

आता तुमचं मुख्य वाक्य. 'बाजाराने नाकारलं.' हे लिहिण्याआधी तारखा बघितल्या होत्या का?

१९९४ साली ॲडोबीने आल्डस घेतली. आल्डस म्हणजे पेजमेकरवाली कंपनी. फ्रीहँड तयार केलं होतं टेक्सासच्या आल्टसिसने, पण विकत होती आल्डस. म्हणजे ॲडोबीचं स्वतःचं इलस्ट्रेटर आणि त्याचा सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी, दोघेही एकाच मालकाच्या हाताखाली जाणार होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ते होऊ दिलं नाही. फ्रीहँड आल्टसिसला परत द्यायला लावलं आणि पुढची दहा वर्षं आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय असं कुठलंही व्यावसायिक इलस्ट्रेशन सॉफ्टवेअर घ्यायचं नाही, असा आदेश काढला. पुढे आल्टसिस मॅक्रोमीडियाकडे गेली आणि फ्रीहँडही तिच्याबरोबर गेलं. आदेशाची दहा वर्षं २००४ मध्ये संपली. १८ एप्रिल २००५ ला ॲडोबीने मॅक्रोमीडिया घेत असल्याचं जाहीर केलं, सुमारे ३.४ अब्ज डॉलरला. डिसेंबरात व्यवहार पुरा झाला. मे २००७ मध्ये सांगून टाकलं की फ्रीहँडची नवी आवृत्ती येणार नाही, इलस्ट्रेटरकडे वळा.

ॲडोबीला मुख्यतः मॅक्रोमीडियाचं फ्लॅश, म्हणजे वेबवरच्या ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, हवं होतं हे मलाही माहीत आहे, आणि तसं मी लेखात लिहिलंही आहे. पण फ्लॅशसोबत फ्रीहँड हातात आलंच. यात बाजार कुठे आला? शेजाऱ्याची विहीर विकत घ्यायची, ती बुजवायची आणि मग गावाला सांगायचं की पाणीच आटलं होतं, असा हा प्रकार आहे.

फ्रीहँडमध्ये काय होतं, हे तुम्ही ते वापरलं असतंत तर विचारावं लागलं नसतं. एखाद्या दुकानाचं स्टेशनरीचं काम घ्या. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, पाकीट. फ्रीहँडमध्ये ही तिन्ही पानं, तीन वेगवेगळ्या मापांची, एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी मांडता यायची. गिऱ्हाईक म्हणालं 'हा तांबडा जरा गडद करा', की स्वॉचमधला रंग एकदा बदलायचा, तिन्ही पानांवर बदलायचा. इलस्ट्रेटरमध्ये तेव्हा एका फाइलला एकच पान. तीन फाइली उघडा, तीनदा रंग बदला, आणि एखादी राहिली तर छापून आल्यावर कळणार. एका फाइलमध्ये अनेक आर्टबोर्ड, म्हणजे अशी वेगवेगळी पानं, इलस्ट्रेटरमध्ये आले ते सीएस ४ या आवृत्तीत, २००८ साली. म्हणजे फ्रीहँड बंद केल्याचं जाहीर झाल्यानंतर. बाजाराने जे नाकारलं म्हणता, तेच नंतर इलस्ट्रेटरने उचललं.

एक गोष्ट तुमच्या बाजूने मान्य करतो. २००३ च्या एमएक्स या आवृत्तीनंतर मॅक्रोमीडियानेही फ्रीहँडकडे फारसं लक्ष दिलं नाही. तिचा सगळा जीव वेबमध्ये अडकला होता. हा मुद्दा खरा आहे आणि तो तुम्ही मांडलात हे बरं झालं. पण दुर्लक्ष झालेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं असतं तर पुन्हा उभं राहिलं असतं. थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेल्यावर तो मार्ग बंद झाला. माझा सगळा लेख एवढ्याच गोष्टीवर होता आणि तुम्ही नेमकी तीच सोडून बाकी सगळ्यावर बोललात.

आणि नाकारलेल्या सॉफ्टवेअरसाठी कुणी कोर्टात जात नाही. २०११ मध्ये डिझायनरांच्या एका गटाने कॅलिफोर्नियात ॲडोबीवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. न्यायालयाने तो मुळातच निकालात काढायला नकार दिला आणि नंतर दोन्ही बाजूंत तडजोड झाली. ही माणसं नवीन शिकायला घाबरत होती म्हणून वकिलाकडे गेली, असं तुम्हाला खरंच वाटतं?

फिग्माबद्दल जास्त लिहीत नाही. २० अब्ज डॉलरचा सौदा सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला, ब्रिटन आणि युरोपच्या नियामकांनी आक्षेप घेतले, डिसेंबर २०२३ मध्ये तो मोडला आणि ॲडोबीला १ अब्ज डॉलर फिग्माला द्यावे लागले. २०२५ च्या जुलैत फिग्मा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात स्वतःच्या नावाने उतरली. कुणाचं भलं झालं म्हणता? माझ्या वर्गातली पोरं आज ते उघडून बसतात आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या मालकीचं नाही. मला एवढं पुरे आहे.

'मालकाने काय करायचं हा मालकाचा प्रश्न' या वाक्याला मी उत्तर देत बसणार नाही. तसं असतं तर १९९४ चा तो आदेश निघालाच नसता.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: व्यवहार पुरा झाल्यापासून मे २००७ पर्यंत ॲडोबीने फ्रीहँडची कोणती नवी आवृत्ती बाजारात आणली, जी लोकांनी घेतली नाही? नाव सांगा. आणि जमलं तर स्वतःचंही लिहा.