माइसनने चीनची नक्कल केली का?

नमस्कार. माइसनवरच्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत की चिनी लोक हजारेक वर्षं पोर्सेलिन, म्हणजे पांढरी पारभासक चिनी मातीची भांडी, घडवत होते, जर्मनीतल्या एल्बे नदीकाठच्या या गावाने नुसती नक्कल केली, आणि तिला ‘शोध’ म्हणणं ही युरोपची भाटगिरी झाली.

चीन आधी, यात वादच नाही. पण नक्कल करायची तर निदान कृती तरी हाती लागावी लागते. नुसतं भांडं बघून जमलं असतं, तर फ्लॉरेन्सच्या मेदिची या सत्ताधारी घराण्याला ते १५७० च्या दशकातच जमलं असतं. त्यांनी खटपट केली, पण अस्सल कठीण पोर्सेलिन काही साधलं नाही. जिंगदेझेन या चीनमधल्या पोर्सेलिनच्या शहरातल्या कारागिरीचं तपशीलवार वर्णन करणारं जेझुइट पाद्री दांत्रकोल यांचं पत्र १७१२ चं आहे. माइसनच्या पोर्सेलिनमागचा किमयागार ब्यॉटगर, त्याचं टिपण १५ जानेवारी १७०८ चं. माती आणि अलाबास्टर (एक मऊ पांढरा दगड) निरनिराळ्या प्रमाणात मिसळून केलेले नमुने त्यात नोंदले आहेत. पाच तास भट्टीत राहिल्यावर त्यांतले काही पांढरे आणि पारभासक निघाले. जिंगदेझेनचे कारागीर केओलिन या पांढऱ्या मातीमध्ये एक खास दगड कुटून घालत, अलाबास्टर नव्हे. माल तसाच, पण वाट स्वतः काढलेली. आणि ती एकट्या ब्यॉटगरची नव्हे: आरशांनी सूर्यकिरण एकवटून खनिजं वितळवणारा चिर्नहाउस आणि भट्टीची नस ओळखणारी फ्रायबर्गची खाणमाणसं त्याच्यासोबत होती.

नक्षीबाबत मात्र तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. सुरुवातीची कितीतरी माइसन भांडी चिनी आणि जपानी नमुन्यांवरून थेट उतरवलेली आहेत.

राहिली भाटगिरी. ज्या ऑगस्टस राजाने सोनं करून दे म्हणून पोरसवदा ब्यॉटगरला १७०१ पासून कैदेत ठेवलं, त्याची स्तुती मी कशाला करू? १७१० मध्ये कारखाना नदीवरच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात नेला, तोही गुपित बाहेर फुटू नये म्हणूनच. १७१७ मध्ये याच ऑगस्टसने १५१ चिनी भांड्यांच्या बदल्यात आपले ६०० घोडेस्वार प्रशियाच्या राजाला देऊन टाकले. माणसं दिली, भांडी घेतली! ब्यॉटगर १७१९ मध्ये वारला, अवघ्या ३७ व्या वर्षी. आणि एवढं जपलेलं गुपित त्याच साली कामगार श्ट्योल्झेलबरोबर व्हिएन्नाला पोचलं होतं.

मला कौतुक आहे ते राबणाऱ्या या माणसांचं, आणि ते मी करत राहणार. जिंगदेझेनवरही सविस्तर लिहायची इच्छा आहे. तिथल्या भट्ट्यांबद्दल तुम्ही काही वाचलं असेल तर जरूर कळवा.